दहा डेसिबल म्हणजे दहापट

अकरावीला लघुगणक शिकवून झाले की मी वर्गात एक प्रश्न हमखास विचारते. एका ढोलाचा आवाज ९० डेसिबल भरला, तर तसेच ४० ढोल एकदम वाजल्यावर किती भरेल? गणपती जवळ आलेले असतात, वर्गातली बरीच मुलंमुली संध्याकाळी नदीकाठी पथकाच्या सरावाला जात असतात, त्यामुळे प्रश्न त्यांना घरचाच वाटतो. पहिलं उत्तर येतं, ३६००. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "मॅडम, असं कसं होईल? १२० लाच कान दुखायला लागतात." सगळे ढोल ऐकणाऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत असं धरलं, तर उत्तर येतं १०६. ते फळ्यावर लिहिलं की वर्ग हिरमुसतो. एवढे ढोल वाढवले आणि आवाज फक्त सोळाने वाढला?

या "फक्त" शब्दापाशीच गल्लत होते. त्या सोळामध्ये चाळीस पट दडलेली आहे. सोसायटीच्या बैठकीत, मांडवाच्या वादात, वर्तमानपत्रातल्या बातमीत हेच वाक्य वेगवेगळ्या रूपांत भेटतं: मर्यादा ५५ ची होती, आवाज ६५ भरला, दहानेच तर जास्त आहे. दहाने नाही, दहापट जास्त आहे. डेसिबलचे कोणतेही दोन आकडे समोर आले की त्यांच्यामधली पट तोंडी काढता यावी, एवढ्यासाठी हा लेख आहे. त्याला लॉग टेबल लागत नाही. एक आकडा पाठ असला की पुरतं.

आधी हे माप असं तिरपागडं का ठेवलं ते बघू. ध्वनीची तीव्रता म्हणजे एका चौरस मीटरमधून दर सेकंदाला जाणारी ध्वनीची ऊर्जा. ती वॅट प्रति चौरस मीटर या एककात मोजतात. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजाची तीव्रता एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग एवढी धरली आहे. दशांशचिन्हापुढे अकरा शून्यं आणि मग एक. कानात कळ येईल अशा आवाजाची तीव्रता साधारण एक वॅट. म्हणजे आपला कान एकापासून एक लाख कोटी पटींपर्यंतचा पल्ला सांभाळतो. तराजूची उपमा द्यायची, तर ज्यावर मिलिग्रॅमभर चूर्ण तोलता येतं त्याच तराजूवर हजार टनांची मालगाडीही तोलायची. असे आकडे दरवेळी पूर्ण लिहिणं शक्य नाही, म्हणून शून्यं मोजायची. लघुगणक म्हणजे लॉग हेच काम करतो: दिलेली संख्या दहाचा कितवा घात आहे ते सांगतो. १०० चा लॉग २, हजाराचा ३, कोटीचा ७. अधल्यामधल्या संख्यांचे लॉग अपूर्णांकात येतात. दोनाचा ०.३०१०, तिनाचा ०.४७७१.

तीव्रतेच्या पटीचा नुसता लॉग घेतला तर जे एकक मिळतं ते बेल. टेलिफोनच्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचं नाव त्याला दिलं आहे. बेल यांच्या आईला आणि पत्नीलाही ऐकू येत नव्हतं, आणि मूकबधिरांना शिकवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. ऐकण्याच्या मापाला त्यांचं नाव मिळालं याचं मला फार समाधान वाटतं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या अभियंत्यांना तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो ते मोजायचं होतं, त्यातून हे एकक रुजलं. पण पूर्ण बेल फार मोठा पडतो, म्हणून त्याचे दहा भाग केले. डेसिमीटरमधला डेसी तोच डेसिबलमध्ये आहे. त्यावरून सूत्र असं:

डेसिबल = १० × लॉग (मोजलेली तीव्रता ÷ जेमतेम ऐकू येणारी तीव्रता)

एकदा हाताने करून बघू. स्वयंपाकघरात मिक्सर चालू आहे आणि ओट्यापाशी तीव्रता एका वॅटचा २५ हजारावा भाग आहे असं धरा. जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या ती किती पट? एक लाख कोटीला २५ हजारांनी भागलं की ४ कोटी. ४ कोटीचा लॉग म्हणजे चाराचा लॉग अधिक कोटीचा लॉग, ०.६०२ अधिक ७, म्हणजे ७.६०२. त्याला दहाने गुणलं की ७६ डेसिबल. फोनमधलं गणनयंत्र आडवं धरलं तर लॉगचं बटण दिसतं. त्याच्या शेजारी एलएन असं बटण असतं, ते घेऊ नका. त्याचा पाया दहा नसतो, आणि उत्तर चुकलं आहे हे पटकन लक्षातही येत नाही. या सूत्रावरून आणखी एक गोष्ट कळते. शून्य डेसिबल म्हणजे आवाज नाही असं नव्हे. एकाचा लॉग शून्य असतो, म्हणून जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या वाट्याला शून्य येतं.

रोजच्या व्यवहारात मात्र गणित उलट दिशेने येतं. वॅट कोणी सांगत नाही, डेसिबलचे दोन आकडे हाती असतात आणि तुलना करायची असते. अशा वेळी पहिलं काम वजाबाकीचं. लॉगची वजाबाकी म्हणजे मूळ संख्यांचा भागाकार, त्यामुळे ती एक लाख कोटीवाली संदर्भाची तीव्रता दोन्हीकडून कटते आणि उरलेल्या फरकात फक्त पट राहते. फरकाला दहाने भागा, जे येईल तितका दहाचा घात घ्या, की पट मिळाली.

ही पट तोंडी काढण्याची युक्ती मुलांना फार आवडते. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, एवढं पाठ करायचं. दोनाचा लॉग ०.३०१० आहे, त्यातून हे येतं. १० डेसिबल म्हणजे दहापट, हे तर व्याख्येतच आहे. बाकीची शिडी या दोन पायऱ्यांवरून चढता येते. डेसिबलची बेरीज केली की पटींचा गुणाकार होतो आणि वजाबाकी केली की भागाकार. ६ म्हणजे तीन अधिक तीन, म्हणून दोन गुणिले दोन, चौपट. ९ म्हणजे आठपट. ७ म्हणजे दहातून तीन वजा, म्हणून दहा भागिले दोन, पाचपट. ४ म्हणजे दहातून सहा वजा, दहा भागिले चार, अडीचपट. १ म्हणजे दहातून नऊ वजा, दहा भागिले आठ, सव्वापट. ५ म्हणजे चार अधिक एक, अडीच गुणिले सव्वा, सव्वातीनपटीच्या किंचित खाली. ८ म्हणजे चार अधिक चार, सव्वासहापट. उरला २, म्हणजे एक अधिक एक, सव्वा गुणिले सव्वा, दीडपटीच्या जरा वर. काटेकोर आकडे यांच्यापासून फार तर टक्का-दोन टक्के इकडेतिकडे असतात, आणि आवाज मोजणाऱ्या यंत्राची चूक सहसा त्याहून मोठी असते.

आता शिडी वापरून बघा. ५५ आणि ६२ मध्ये फरक ७, म्हणून पाचपट. ५८ आणि ७१ मध्ये फरक १३, दहा आणि तीन, म्हणून वीसपट. ४५ आणि ७५ मध्ये फरक ३०, दहा गुणिले दहा गुणिले दहा, हजारपट. ढोलांचं गणितही असंच उलटं जातं: चाळीस म्हणजे चार गुणिले दहा, त्यांचे डेसिबल सहा आणि दहा, एकूण सोळा. आणि डेसिबलची टक्केवारी कधीही काढू नका. मर्यादा ५५ असताना ६६ भरलं म्हणजे "वीस टक्के जास्त" असं लिहिणारा भला माणूस साडेबारा पट वाढ वीस टक्क्यांत झाकून टाकतो. असं वाक्य कुठे वाचलं तर संपादकांना जरूर पत्र लिहा.

कान मात्र वेगळं सांगतो, आणि तो खोटं बोलत नाही. तीव्रता दहापट झाली की बहुतेकांना आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणून ६५ चा स्पीकर ५५ च्या मानाने "थोडा मोठा" वाटतो आणि वाद होतो. जाणवणं आणि कानाच्या पडद्यावर आदळणारी ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कानाच्या आतल्या नाजूक पेशींची झीज ऊर्जेने होते. ऊर्जेच्या मानाने जाणवणं कमी वाढतं, म्हणूनच दुकानात "दुप्पट वॅटचा स्पीकर" म्हणून जो जास्तीच्या किमतीला मिळतो, तो घरी आणल्यावर फारसा मोठा वाजत नाही. दुप्पट वॅट म्हणजे तीनच डेसिबल.

पुढची अडचण एकाच वेळी अनेक आवाज असतात तेव्हाची. डेसिबल सरळ मिळवता येत नाहीत, तीव्रता मिळवायची असते. दोन सारखे आवाज एकत्र आले तर तीन वाढतात, ६० आणि ६० मिळून ६३. असमान आवाजांसाठी मी वाट्यांची पद्धत वापरते. समजा जनरेटर ८० चा आणि पाण्याचा पंप ७० चा. पंपाचा एक वाटा, तर जनरेटरचे दहा. मिळून अकरा. दहाचे अकरा झाले म्हणजे १.१ पट, आणि ते अर्धा डेसिबलही भरत नाही. एकूण ८०.४. म्हणून तिथे पंप बंद करून काही साधत नाही, आधी जनरेटरला हात घालावा लागतो. एखाद्या सोसायटीने आवाजाच्या तक्रारीवर खर्च करायचं ठरवलं, तर हे दोन मिनिटांचं गणित आधी करावं असं मी आग्रहाने सांगते. सगळ्यात मोठा आवाज बाकीच्यांच्या बराच वर असेल, तर तो तसाच ठेवून बाकी सगळे बंद केले तरी आकडा जागचा फारसा हलत नाही.

वजाबाकीही वाट्यांनीच होते. आमच्या इमारतीच्या पंपाबद्दल तक्रार आली, तेव्हा रात्री अकराला मोजलं. पंप चालू असताना ५८, बंद असताना ५२. मग पंपाचा स्वतःचा आवाज किती? ५८ वजा ५२ बरोबर ६ असं कोणी म्हणणार नाही, पण "५८" असं मात्र सगळेच म्हणतात. फरक सहाचा, म्हणजे चौपट. एकूण चार वाट्यांपैकी एक वाटा परिसराचा, उरलेले तीन पंपाचे. पूर्णातून पाव कमी झाला की डेसिबल सव्वाने उतरतात. पंपाचा आवाज ५६.७ च्या आसपास, आणि तेवढाच पंपाच्या नावावर लिहायचा. फरक तीनाचाच असला तर निम्मा आवाज पंपाचा आणि निम्मा परिसराचा. फरक दहाच्या वर असला तर परिसराचा आवाज खुशाल विसरून जा.

सरासरी काढताना शिकलेली माणसंही चुकतात. एक मिनिट ९० आणि एक मिनिट ५० असेल, तर सरासरी ७० नाही. ५० च्या मानाने ९० दहा हजार पट आहे, त्यापुढे ५० चं मिनिट जवळजवळ रिकामंच. दोन मिनिटांत मिळून जवळपास एका मिनिटाचीच ऊर्जा, म्हणजे ९० ची निम्मी, म्हणून सरासरी ८७. आपल्या कायद्यातल्या मर्यादाही अशा ऊर्जेच्या सरासरीवरच बेतलेल्या आहेत. मिरवणूक मधेमधे थांबत होती, ही सबब म्हणून कमी पडते.

त्या मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमध्ये आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. सार्वजनिक ठिकाणच्या ध्वनिक्षेपकाला त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेहून १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते चालतं. ही सवलत दहापट आहे, हे आता तुम्हाला दिसेल. निवासी भागात दिवसा ती ६५ पर्यंत जाते, ७५ पर्यंत नाही. "७५ पर्यंत परवानगी आहे" असं मांडवात ठामपणे सांगतात, तेव्हा ते तपासून बघायला हवं.

फटाक्यांच्या नियमात तर साक्षात लॉगच आहे. सुट्या फटाक्याला, तो फुटतो तिथून चार मीटरवर, झटक्याच्या आवाजासाठी ठरलेल्या मोजणीनुसार १२५ डेसिबलची मर्यादा आहे. माळ असेल तर तिच्यातल्या प्रत्येक फटाक्याची मर्यादा पाच गुणिले फटाक्यांच्या संख्येचा लॉग, एवढी खाली येते. शंभराच्या माळेला पाच दुणे दहा, म्हणजे ११५. हजाराच्या माळेला पाच त्रिक पंधरा, म्हणजे ११०. पन्नासाचा लॉग १.६९९, म्हणून साडेआठ कमी, ११६.५. दहावीच्या मुलाला समजेल असं हे गणित आहे, आणि ते कायद्यात आहे म्हणून ते समजणं मला महत्त्वाचं वाटतं. आणखी एक पाऊल पुढे जा. सूत्रात पाचाऐवजी दहा असते, तर पूर्ण माळेची ऊर्जा एका सुट्या फटाक्याएवढीच राहिली असती. पाच असल्यामुळे हजाराच्या माळेला हजाराच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे साधारण बत्तीस सुट्या फटाक्यांची ऊर्जा मिळते. मला ही सवलत मोठी वाटते.

अंतराचा नियम थोडक्यात सांगते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज चार पटींच्या क्षेत्रावर पसरतो, म्हणून तीव्रता पाव होते आणि डेसिबल सहाने उतरतात. १० मीटरवर ९० असेल तर २० मीटरवर ८४, ४० मीटरवर ७८. पुण्यात लक्ष्मी रस्त्यासारख्या दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या रस्त्यावर हा हिशोब धरू नका. भिंतींवरून आवाज परत फिरतो आणि उतार बराच कमी होतो. विसर्जनाच्या दिवशी तिथल्या चौकाचौकांत सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी आवाज मोजतात आणि त्यांचे आकडे दुसऱ्या दिवशी छापून येतात. या वर्षी ते आकडे शिडी हाताशी घेऊन वाचा. दोन चौकांमधला चार डेसिबलचा फरक अडीचपट असतो.

स्वतः मोजणार असाल तर दोन-तीन गोष्टी सांभाळा. फोनमधलं अ‍ॅप प्रमाणित नसतं, त्याचा एकटा आकडा तक्रारीत पुरावा म्हणून चालणार नाही. पण एकाच फोनने, एकाच जागी, एकाच उंचीवर घेतलेल्या दोन आकड्यांमधला फरक बराच भरवशाचा असतो, आणि पट काढायला फरकच लागतो. मिरवणुकीच्या अगदी जवळ मात्र फोनचा मायक्रोफोन थकतो आणि खऱ्याहून कमी दाखवतो. अ‍ॅपमध्ये किंवा यंत्रावर "ए" हे सेटिंग निवडा. मानवी कान खर्जातले आवाज कमी ऐकतो, ते या सेटिंगमध्ये धरलेलं असतं, आणि परिसराच्या मर्यादाही त्यातच दिल्या आहेत.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एक सूचना. गणितात तीव्रतेऐवजी ध्वनीचा दाब दिला असेल तर दहाऐवजी वीसने गुणायचं. तीव्रता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि वर्गाचा लॉग दुप्पट होतो. दाब दुप्पट झाला तर वाढ सहा डेसिबलची. प्रश्नात पास्कल दिसलं की वीस, वॅट दिसलं की दहा.

शेवटचं गणित वर्गातल्या पथकातल्या मुलीच करतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेने, निओशने, ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास ही कानाची मर्यादा शिफारस म्हणून दिली आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायला सांगितलं आहे. ऊर्जा दुप्पट झाली तर वेळ अर्धा, इतकं ते सरळ आहे. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. फळ्यावर १०६ अजून तसेच असतात. ८५ पासून एकवीस वर, म्हणजे सात वेळा निम्मं. ४८० मिनिटांचे २४०, १२०, ६०, ३०, १५, साडेसात, पावणेचार. पावणेचार मिनिटं.

त्यानंतर मी बाकावर इअरप्लगची डबी ठेवते. नीट बसवलेला प्लग १५ डेसिबल अडवतो असं धरून पुन्हा मांडायला सांगते. १०६ वजा १५, ९१. पंधरा म्हणजे पाच पायऱ्या, पाच वेळा दुप्पट. साडेसात, पंधरा, तीस, साठ, एकशेवीस. दोन तास. रोजचा सराव तेवढाच चालतो, असं त्याच सांगतात, आणि डबी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर फिरायला लागते.